उभी वाढ, आडवी वाढ

आमच्या कॉलेजातल्या एका बाईंच्या मुलीचं लग्न होतं. स्टेजवर नवरा-नवरी आणि खाली आहेर देणाऱ्यांची लांबच लांब रांग. धोटे मॅडमचा नंबर आला, तेव्हा त्यांनी पाकीट दिलं नाही की हात मिळवला नाही. नवरीची हनुवटी धरून तिचा चेहरा दिव्याकडे वळवला आणि अंगठ्यानं तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून आत बघितलं. फोटोग्राफरनं सवयीनं बटण दाबलं.

"पांढरीफट आहे पोट्टी," मॅडम म्हणाल्या. "लग्न जुळवताना पत्रिका पाहिली, रक्त कोणीच पाहिलं नाही काय?"

नवऱ्याची आई शेजारीच उभी होती. नवरीच्या आईनं त्यानंतर मॅडमशी बोलणं सोडलं. तो अबोला पुढे बरेच महिने चालला, पण मॅडमच्या तो शेवटपर्यंत लक्षात आला नाही. त्यामुळे नवरीच्या आईला कंटाळून तो स्वतःच मोडावा लागला.

धोटे मॅडम आहारशास्त्र शिकवायच्या. मी त्याच कॉलेजात ग्रंथपाल. माणसांची नावं लक्षात ठेवणं त्यांना कधी जमलं नाही. माणसात जे कमी असेल त्यावरून त्यांना तो आठवायचा. प्राचार्य म्हणजे आयोडीन. गेटवर दिवसभर उन्हात बसूनही पाठ दुखते म्हणणारा चौकीदार म्हणजे डी. मी बी-ट्वेल्व्ह. "बी-ट्वेल्व्ह, इकडे ये वं," अशी हाक वाचनालयाच्या दारातून आली की मुली फिदीफिदी हसायच्या आणि मी निमूट उठायची. स्वतः मॅडममध्ये काय कमी आहे, हे त्यांना विचारायची कोणाची छाती नव्हती. पण स्टाफरूममध्ये त्याबद्दल एकमत होतं. मुरवत.

काटोलकडच्या एका शेतकरी घरातून येऊन त्या शिकल्या, प्राध्यापक झाल्या. वर्गात त्यांची मराठी अगदी पुस्तकातली असायची. राग आला की मात्र ती पुस्तकातून उठून थेट गावाला जायची. आणि राग तर दिवसातून अनेकदा यायचा. जगाला नियम लावणाऱ्या या बाई स्वतः चहात तीन चमचे साखर घालायच्या आणि त्याबरोबर वाटीभर शेव खायच्या. कोणी त्यावर डोळे वटारले तर म्हणायच्या, "माही वाढ झाली पूर्ण. मले आता नियम नाही."

धोटे साहेब गेले तेव्हा भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी एकच वाक्य ऐकवलं. "भाजी ताटाच्या बाजूले सरकवत होते. मी सांगून राहिली होती." सांत्वन करायला आलेले लोक घरी जाऊन पालक निवडायला बसले असतील, असं मला वाटतं.

निवृत्त झाल्यावर त्या जरीपटका भागाच्या कडेला एका इमारतीत फ्लॅट घेऊन राहायला आल्या. माझं घर तिथून जवळच. त्या भागात सिंधी लोकांची जुनी वस्ती. फाळणीनंतर जे आले त्यांची नातवंडं आता दुकानदार आणि बिल्डर आहेत. आणि त्यांच्याच गल्ल्यांमध्ये, मागच्या बाजूला, भाड्याच्या एकेका खोलीत, अगदी अलीकडे पाकिस्तानातून निघून आलेली हिंदू कुटुंबं राहतात. व्हिसा, मुक्कामाची परवानगी, मुदतवाढ, पुन्हा मुदतवाढ, असं त्यांचं चाललेलं असतं. जुने लोक त्यांना आधार देतात आणि आधार दिल्याचं विसरूही देत नाहीत.

मॅडमच्या इमारतीच्या तळमजल्यावर असंच एक कुटुंब होतं. सिंधू नदीकाठच्या एका गावात बापाचं औषधांचं दुकान होतं. इथं तो एका कापडदुकानात तागे उलगडून दाखवायचा. आई मायादेवी तयार कपड्यांच्या कारखान्यात बटणं लावायला जायची. मुलगी कोमल. एके दिवशी मॅडम जिन्यानं वर जात होत्या आणि कोमल पाण्याची कॅन ओढत खाली येत होती. मी मॅडमच्या मागे भाजीची पिशवी घेऊन.

"कौनसी क्लास में है?" मॅडमनी विचारलं. त्यांची हिंदी नागपुरी होती, म्हणजे मराठीच, फक्त दुसऱ्या आवाजात.

"तीसरी."

"उमर?"

"तेरह."

मॅडमनी आपल्या हातातली पिशवी माझ्या दुसऱ्या हातात दिली. "तेरा बरस की और तीसरी में? काहून?"

"मैं छोटी हूँ ना," मुलगी म्हणाली. "इसलिए."

ती खरंच लहान दिसत होती. आठ-नऊ वर्षांची म्हटलं तरी कोणी वाद घातला नसता. मॅडमचा अंगठा तिच्या पापणीकडे गेलाच. बघून झाल्यावर त्यांनी तिचं बारसंही करून टाकलं. प्रोटीन.

दुसऱ्या दिवशी त्या तिच्या शाळेत गेल्या आणि मलाही ओढत नेलं. मुख्याध्यापिकाबाईंच्या टेबलावर काचेखाली बऱ्याच मान्यवरांबरोबरचे त्यांचे फोटो होते. त्यांनी आम्हाला फार सौजन्यानं समजावलं. मुलीकडे जन्माचा दाखला नाही. तिथं ती सहावीपर्यंत शिकली म्हणते, पण ते सगळं उर्दूसारख्या लिपीत. देवनागरी ओळखत नाही. "आणि मॅडम, अंगानं बघा ना. तिसरीतच शोभते ती. सहावीच्या बाकावर बसवलं तर पाय जमिनीला पोचत नाहीत."

"तुम्ही वर्ग देता की फ्रॉक?" मॅडमनी विचारलं.

बाईंचं सौजन्य जरा कमी झालं.

"वयानुसार वर्ग द्यायचा असतो, कायदा आहे," मॅडम म्हणाल्या. "अन् पाय पोचत नसतील तं खाली पाट ठेवा. मी आणून देतो पाट. तेरा वर्षांची पोट्टी आठ वर्षांच्या पोट्ट्यांत बसून राहिली, अन् तुम्ही म्हणता शोभते!"

बराच वेळ वादावादी झाली. शेवटी बाईंनी एक वाट काढली. जूनपर्यंत मुलीला मराठी वाचता आलं तर सहावीत घेऊ. त्यांना खात्री होती की जूनपर्यंत मॅडम कंटाळतील. मॅडमना ओळखत नसल्याचा हा परिणाम.

मॅडमनी तिला पुस्तकानं शिकवलं नाही. संध्याकाळी हात धरून तिला बाजारातून फिरवायच्या आणि दिसेल ती पाटी वाचायला लावायच्या. हलवाई, हार्डवेअर, दातांचा दवाखाना, मंगल कार्यालय. अडली की मॅडम तिथंच उभ्या राहायच्या, मागचा रिक्षावाला भोंगा वाजवून दमला तरी. कोमलनं न अडखळता वाचलेलं पहिलं संपूर्ण मराठी वाक्य होतं, "येथे लघवी करू नये." ते तिनं भर रस्त्यात, खणखणीत आवाजात वाचलं. भिंतीकडे तोंड करून उभा असलेला माणूस दचकून पळाला. मॅडम म्हणाल्या, "बघ, वाचण्याचा उपयोग होते."

जूनमध्ये ती सहावीत बसली. मॅडमनी खरोखरच पाट नेऊन दिला. मुख्याध्यापिकाबाईंनी तो शिपायाकरवी परत पाठवला, मग मॅडमनी तो पुन्हा नेऊन दिला.

आता मॅडमना एका मुलीवर थांबणं शक्यच नव्हतं. वस्तीतल्या धर्मशाळेच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी त्यांनी नव्यानं आलेल्या कुटुंबांतल्या मुलांना जमवायला सुरुवात केली. वजनकाटा, भिंतीला चिकटवलेली मोजपट्टी, आणि फळ्यावर आहार. माझं काम मुलांना रांगेत उभं करणं. पहिल्याच रविवारी त्यांनी आयांना अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकरी यांचं महत्त्व सांगितलं. आया आदरानं माना हलवत होत्या. त्यांच्यापैकी एकीनंही आयुष्यात अंबाडी बघितली नव्हती.

त्याच आठवड्यात मायादेवीनं मॅडमना जेवायला बोलावलं. पालक, चुका, चण्याची डाळ, दोन-तीन भाज्या, सगळं एकत्र शिजवून घोटलेली साई भाजी आणि भात. मॅडमनी एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि वाटीत बोट घालून त्या भाज्या मोजायला लागल्या.

"रोज बनवता?"

"वहाँ रोज़ बनाते थे," मायादेवी म्हणाली. "यहाँ टाइम कहाँ है जी? सुबह मैं कारखाने में, ये दुकान में. बच्ची को नूडल का पैकेट दे देती हूँ. और ये अब माँगती भी नहीं. कहती है, डब्बे में हरा देख के लड़कियाँ हँसती हैं."

पुढच्या रविवारी फळ्यावरून अंबाडी गायब झाली. त्या जागी साई भाजी आली. मॅडमनी ती अशा थाटात शिकवली, की जणू ती त्यांच्या काटोलच्या शेतातच पहिल्यांदा शिजली होती. समोर बसलेल्या सगळ्या सिंधी बायका स्वतःचीच भाजी वहीत उतरवून घेत होत्या. एकीनं विचारलं, "मॅडम, इसमें सोया डालें क्या?" म्हणजे शेपू. मॅडम म्हणाल्या, "नाही." ती बाई घरी जाऊन शेपू घालतच राहिली असणार.

एव्हाना शहरातल्या एका सेवाभावी क्लबला या मुलांचा पत्ता लागला. क्लबनं समारंभ ठरवला. मागे मोठा बॅनर, पुढे खुर्च्या, आणि स्टेजवर प्रत्येक मुलाला एक पिशवी. पिशवीत चिप्स, क्रीमची बिस्किटं, रंगीत पेयाची बाटली आणि चॉकलेट. क्लबचे अध्यक्ष कापडाचे मोठे व्यापारी होते. त्यांनी एका गुटगुटीत मुलाला जवळ ओढलं आणि माईकवर म्हणाले, "ये बच्चे जब आये थे, तब सूखी लकड़ी थे. अब देखिए! गाल आ गये!" टाळ्या झाल्या. मग त्यांनी कौतुकानं मॅडमच्या हातात माईक दिला. आयोजकांच्या आयुष्यातली ती एक मोठी चूक होती.

"गाल आले, बरोबर आहे," मॅडम म्हणाल्या. "पोटही आलं. पण पोट्ट्याची उंची पाहा. आला तेव्हा होता तेवढाच आहे. तिकडे पोटाले कमी मिळालं म्हणून वाढ खुंटली, अन् इकडे तुम्ही हे जे देऊन राहिले नं, त्यानं नुसतं मांस चढून राहिलं. उभी वाढ नाही, सगळी आडवी वाढ! पोट तं दगडानंही भरते, साहेब. यांले दूध द्या. अंडी द्या."

'अंडी' म्हटल्याबरोबर पहिल्या रांगेत खुर्च्या करकरल्या. अध्यक्ष हसत हसत म्हणाले, "मॅडमजी, अंडा तो नहीं हो सकता. हमारे क्लब की एक मर्यादा है. बच्चों को संस्कार भी तो देने हैं."

"मी जन्मात अंडं खाल्लं नाही," मॅडम म्हणाल्या. "तुम्हाले खा कोण म्हणते? हे नदीकाठचे पोट्टे आहेत, मासे खाऊन मोठे होत होते. हाडं यांची वाढायची आहेत, तुमची नाही."

माईक बंद पडला. म्हणजे कोणीतरी पाडला. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात समारंभाचा फोटो आला, त्यात मॅडमचा फक्त माईक धरलेला हात होता. बाकीच्या मॅडम कापून टाकल्या होत्या. क्लबनं मोठ्या मनानं काही आठवडे दूध पाठवलं. गुलाबी रंगाचं, छोट्या बाटल्यांतलं, त्यात दुधापेक्षा साखर जास्त. मग तेही थांबलं.

अंडी शेवटी मॅडमनीच सुरू केली. पण त्यांच्या स्वयंपाकघरात अंडं येणं शक्य नव्हतं. म्हणून बाल्कनीत वेगळी शेगडी, वेगळं पातेलं, वेगळा चिमटा. उकडायचं काम मायादेवीचं. मॅडम आत उभ्या राहून खिडकीच्या जाळीतून सूचना द्यायच्या. क्लबच्या मर्यादेला त्या हसल्या, पण त्यांची स्वतःची मर्यादा बाल्कनीच्या उंबऱ्यापर्यंत होतीच. हे मी त्यांना एकदा बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "तुले बी-ट्वेल्व्ह कमी आहे, म्हणून असं सुचते."

कोमल आता मॅडमचा दाखवायचा दागिना झाली होती. कोणी पाहुणा आला की तिला बोलावलं जायचं. तिसरीतून सहावीत गेली, मराठी वाचते, अंडं खाते, आणि उंची वाढून राहिली. पहिलं वर्षभर ती खरंच भराभर वाढली. मॅडम मायादेवीला म्हणायच्या, "दोन वर्षांत तुमच्या खांद्याच्या वर जाते का नाही पाहा." मायादेवी हात जोडायची. आपल्या मुलीची लांबी हा आता मॅडमच्या इभ्रतीचा प्रश्न झाला आहे, हे तिला कळलं नसावं. कोमलला बहुतेक कळलं होतं.

मग ती वयात आली आणि उंचीनं हात आखडता घेतला. असं होतं, हे मॅडमनीच कित्येक बॅचेसना शिकवलं होतं. पण पुस्तकातली मुलगी आणि आपली मुलगी यांना वेगळे नियम असतात, असं त्यांना वाटत असावं. वजन मात्र वाढत राहिलं. अंड्यांबरोबर चिप्सही चालू होतेच. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला सगळ्या मैत्रिणी खातात ते खायचं असतं, यात काही गुन्हा नाही.

एका रविवारी ती काट्यावर उभी राहिली. मॅडमनी चष्मा नाकावर घेतला, काटा बघितला, मोजपट्टी बघितली. हॉल मुलांनी भरलेला होता.

"हे काय वं?" त्या ओरडल्या. "उंची होती तिथंच, अन् हे कुठून आणलं? मी उभी वाढ करून राहिली अन् तू आडवी वाढून राहिली! एवढी मेहनत मातीत घातली नं!"

पोरं हसली. पोरं हसणारच. कोमल काट्यावरून उतरली, चपला घातल्या आणि घरी गेली. दुसऱ्या दिवसापासून गल्लीतली मुलं तिला 'आडवी' म्हणायला लागली. "ए आडवी, बाजू हो!" शब्द मॅडमचा होता. वस्तीनं तो आवडीनं घेतला. त्यांच्या बाकी कुठल्याच शिकवणीचा एवढा प्रसार झाला नव्हता.

पुढचे रविवार कोमल आली नाही. मॅडम म्हणाल्या, "रुसली असंल. येते वापस." ती आली नाही. नंतर बातमीच आली. शाळेत प्रार्थनेच्या वेळी ती उभ्या उभ्या कोसळली होती.

आम्ही दवाखान्यात गेलो तेव्हा तिला सलाइन लावलेलं होतं. मायादेवी बाहेरच रडत भेटली. मुलगी जेवण जेमतेम चिवडत होती. डबा रोज धुतल्यासारखा रिकामा यायचा, म्हणून आई खूश होती. तो शाळेमागच्या कुत्र्यांना जात होता. दसऱ्याला घेतलेला ड्रेस तिच्या अंगावर लोंबत होता.

मॅडम खाटेजवळ गेल्या. सवयीनं हात पुढे झाला, अंगठा तिच्या डोळ्याकडे गेला. कोमलनं त्यांचं मनगट धरलं. सुई लावलेल्या हातानंच.

"मत देखो," ती म्हणाली.

मॅडम थांबल्या.

"वहाँ पुलिसवाला आके गिनता था, कितने घर बचे हैं. यहाँ ऑफिस में हर बार फोटो, हर बार अँगूठा. स्कूल ने नापा, तीसरी में बिठा दिया. आप हर इतवार नापते हो." तिचा आवाज चढला नव्हता, हेच ऐकायला कठीण होतं. "बिना नापे मुझे कोई देखता ही नहीं."

मी मॅडमना इतक्या वर्षांत अनेकांशी भांडताना बघितलं होतं. मुख्याध्यापिका, अध्यक्ष, प्राचार्य, एकदा तर तिकीट तपासनीस. त्या दिवशी त्या भांडल्या नाहीत. त्या स्टुलावर बसल्या. पदरानं चष्मा पुसला, पुन्हा पुसला. नर्स येऊन सलाइन बघून गेली. मग अगदी खालच्या आवाजात त्यांनी विचारलं, "क्या खाएगी?"

कोमलनं छताकडे बघितलं. मग म्हणाली, "पल्ला."

मायादेवी ओशाळली. "दिमाग़ चल गया है इसका. पल्ला मछली है जी, हमारे दरिया की. इसकी दादी तलती थी. यहाँ कहाँ मिलेगी?"

बाहेर आल्यावर मॅडमनी रिक्षा थांबवली आणि मला म्हणाल्या, "बस लवकर. पल्ला म्हणजे हिलसा. बंगाली लोक खातात तोच. मी वर्गात शिकवत होती, प्रथिनांचे स्रोत. पाहिला कधीच नाही."

मासळीबाजारात धोटे मॅडम, हे दृश्य मी जन्मभर विसरणार नाही. सुती साडीचा पदर नाकाला, निऱ्या एका हातात उचलून धरलेल्या, आणि चिखलातून त्या एकेका पाटीसमोर जाऊन विचारत होत्या, "हिलसा आहे काय गा?" रोहू होता, कतला होता. एकानं भलताच मासा हिलसा म्हणून पुढे केला. मॅडम पदराआडून म्हणाल्या, "मी शाकाहारी आहे, आंधळी नाही." शेवटी बाजाराच्या टोकाला एका बंगाली विक्रेत्याकडे बर्फात तो सापडला. चांदीसारखा, रुंद. विक्रेता त्याची तारीफ करत होता. मॅडमनी ती ऐकली नाही. त्या खाली बसल्या, खूप निरखून पाहिलं, आणि मला म्हणाल्या, "याले पापणी नसते वं. कुठं पाहू?"

विक्रेत्यानं कल्ला उचलून दाखवला. आतून लालभडक.

"हां!" मॅडम म्हणाल्या. "याच्यात रक्त आहे. दे."

दुसऱ्या दिवशी कोमल दवाखान्यातून सुटून घरी आली, तेव्हा मायादेवीनं तो तळला. सगळ्या इमारतीत वास गेला आणि वरच्या मजल्यावरच्यांनी खिडक्या आपटून निषेध नोंदवला. मॅडम त्या एका खोलीत कोमलच्या समोर मांडी घालून बसल्या. नाकाला पदर होता, डोळ्यांत पाणी येत होतं, वासानं की कशानं ते मला सांगता येणार नाही. कोमलनं पहिला तुकडा तोडला, थांबली, चावला. मग दुसरा घेतला. त्यात प्रथिनं किती, स्निग्ध किती, हे मॅडमना तोंडपाठ होतं, पण त्यांनी अवाक्षर काढलं नाही. फक्त एकदा म्हणाल्या, "काटे सांभाळ, कोमल."

तिचं नाव त्यांना माहीत आहे, हे मलाही तेव्हाच कळलं.

मॅडमनी माफी मागितली नाही. ती त्यांच्या आहारात नव्हती. पण पुढच्या रविवारी हॉलमध्ये वजनकाट्यापुढे जुन्या साडीचा पडदा लागला. एकेका मुलानं आत जायचं. आत काय दिसलं ते आईला, तेही कानात सांगायचं. मॅडमचा कानात सांगण्याचा आवाज हॉलच्या दारापर्यंत यायचा, हा भाग वेगळा. नंतर नंतर त्या तोही कमी करायला शिकल्या. कोमलला त्यांनी पुन्हा काट्यावर बोलावलं नाही. ती यायची, लहान मुलांना पाट्या वाचायला शिकवायची आणि जायची.

एकदा गल्लीत कोणीतरी पोरगा तिला 'आडवी' म्हणाला. मॅडम बाल्कनीत होत्या. त्या खाली उतरल्या, त्याला गाठलं.

"काय म्हणला रे?"

पोरगा भिंतीला चिकटला.

"तो शब्द माहा आहे. वापस कर."

शब्द परत कसा करायचा, हे त्या पोराला कळेना. तो रडायला लागला. मॅडमनी त्याला वर नेलं, पाणी दिलं, आणि त्याची पापणी ओढून लोह कमी आहे असं सांगून घरी पाठवलं. त्या दिवसापासून तो शब्द गल्लीतून गेला.

कोमलची उंची पुढे बोटभर वाढली असेल, फार तर दोन. ती माझ्या खांद्याशी आली आणि तिथंच राहिली. बापाला नागरिकत्वाचा कागद मिळाला, तेव्हा त्यानं गल्लीत पेढे वाटले. मॅडमनी पेढा घेतला आणि त्यात साखर किती आहे ते त्याला सांगितलं. दहावी पास झाल्यावर शाळेनं कोमलचा सत्कार केला. मुख्याध्यापिकाबाईंनी भाषणात सांगितलं, की या मुलीचं वय आणि क्षमता शाळेनं पहिल्याच दिवशी ओळखली होती. मॅडम माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्या उठू नयेत म्हणून मी त्यांचा पदर धरून ठेवला होता.

त्याच पावसाळ्यात मॅडम बाथरूममध्ये पडल्या आणि मांडीचं हाड मोडलं. पुण्याहून त्यांची मुलगी आली. आता एकटं राहायचं नाही, पुण्याला चलायचं, असं तिनं बजावलं. मॅडम भांडल्या, पण पाय तिच्या बाजूनं होता. रविवारचा हॉल मायादेवी आणि दोन-तीन आयांनी पुढे चालवायचं ठरलं. शेगडी मात्र बाल्कनीतून थेट मायादेवीच्या खोलीत गेली.

आम्ही स्टेशनवर पोचवायला गेलो, मी, मायादेवी आणि कोमल. चाकांच्या खुर्चीतून आणून मॅडमना खिडकीजवळ बसवलं. मायादेवीनं कोकी, म्हणजे कांदा घातलेली जाड सिंधी पोळी, बांधून दिली होती. कोमल गाडीबाहेर गजांना धरून उभी होती. तिची नजर कधी घड्याळाकडे, कधी सिग्नलकडे जात होती. मॅडमही इकडे तिकडे बघत होत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बी-ट्वेल्व्ह, गोळ्या घेत जा." एवढ्यात समोरच्या सीटवर एक तरुण जोडपं येऊन बसलं. बाईच्या मांडीवर वर्ष-दीड वर्षाचं मूल होतं. ते किरकिरायला लागलं, तशी तिनं चिप्सचं पाकीट फोडून त्याच्या हातात दिलं.

गाडी हलली.

कोमल खिडकीबरोबर चालायला लागली. "मॅडम!" तिनं हाक मारली. मग पळायला लागली. "मॅडम! मॅडम!"

मॅडमचा चेहरा आम्हाला दिसलाच नाही. त्यांनी आमच्याकडे पाठ केली होती. एक हात सीटच्या कडेला, मोडक्या मांडीचा विचार न करता पुढे झुकलेल्या, दुसऱ्या हातात ते पाकीट. मुलाच्या आईच्या तोंडाचा 'आ' झालेला. मॅडमची मुलगी कपाळाला हात लावून बसलेली. गाडीनं वेग घेतला आणि धोटे मॅडम, त्यांचा पांढरा अंबाडा आणि उगारलेलं एक बोट, हे सगळं पुढे निघून गेलं. त्यानंतर मी त्यांना पाहिलेलं नाही.

कोमल प्लॅटफॉर्मच्या टोकापर्यंत गेली होती. धापा टाकत परत आली. गाल ओले होते.

"देखा भी नहीं," ती म्हणाली.

मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

तिनं ओढणीनं तोंड पुसलं आणि गाडी गेली त्या दिशेला बघत विचारलं, "दीदी, वो बच्चा भी पुणे तक जाएगा?"

"जात असेल," मी म्हटलं.

"बेचारा," कोमल म्हणाली, आणि हसायला लागली.